सारजाबाईच्या सायकलीचं हँडल

सारजाबाई सायकलवर बसली की तिच्या दातांत पदर असायचा. हौस म्हणून नव्हे. त्या सायकलचं हँडल होतं काठीसारखं सरळ आणि सीटपासून लांब. ते धरायचं म्हणजे परातीत कणिक तिंबायला बसल्यासारखं पुढं वाकावं लागे. वाकलं की डोक्यावरचा पदर आधी कपाळावर यायचा, मग डोळ्यांवर, आणि उताराला वारं लागलं की थेट मागं कॅरिअरवर. तो सावरायला एक हात सोडावा तर सायकल बाभळीत. म्हणून दात. दातांत पदर असल्यामुळं वाटेत कुणी "कुठं चालली गं?" विचारलं तर तिला उत्तर देता येत नसे, आणि तेवढ्यावरून गावानं तिला गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं.

सायकल खरं तर तिची नव्हतीच. शाळेत जाणाऱ्या मुलींना सरकारनं वाटलेल्या सायकलींपैकी ती एक, निळी. तिची पोरगी द्वारका तिच्यावरून पाटोद्याला शाळेत जायची. द्वारका नर्सिंग शिकायला बीडला गेली आणि सायकल ओट्याला टेकून उभी राहिली. अशी वस्तू घरात फार दिवस टिकत नाही. एक तर कुणी पाहुणा मागून नेतो, नाहीतर भंगारवाला. सारजाबाईनं दोघांनाही दाद दिली नाही. चाळिशी ओलांडलेली ही बाई गावामागच्या मोकळ्या रानात जाऊन, पडत धडपडत, सायकल शिकली. दुष्काळाचा एक फायदा असतो. रानात पीक नसतं, त्यामुळं कितीही वेळा पडलं तरी कुणाचं नुकसान होत नाही.

दुष्काळ म्हणजे दोन हजार तेराच्या उन्हाळ्यातला. मेंढरं आधीच विकून झाली होती. राहिली होती एक गाय, चंद्री. ती दीड कोसावरच्या चारा छावणीत बांधलेली होती, आणि तिच्याबरोबर सारजाबाईचा नवरा म्हाळूही तिथंच. म्हाळूला छावणी मानवली होती. दिवसभर पत्ते, संध्याकाळी भजन, आणि भाकरी बायको आणून देई. गाय मात्र त्याच्या हाताला पान्हा सोडत नसे. ती सारजाबाईचीच. तेव्हा रोज पहाटे सारजाबाईनं भाकरी घेऊन जायचं, धार काढायची, दुधाचा कॅन हँडलला अडकवायचा आणि डेअरीचा टेम्पो निघायच्या आत गावात परतायचं. चालत येऊन बघितलं होतं तिनं. टेम्पो गेलेला आणि दूध फाटलेलं. मोटारसायकलवाल्यांच्या हाती कॅन देऊनही बघितलं होतं. साऱ्या शिवारातले पाझर आटले होते, पण मोटारसायकलवर चढलेल्या कॅनाला तेवढा वाटेत कुठूनतरी पाझर फुटायचा आणि डेअरीत दूध पातळ भरायचं.

छावणी, दूध संस्था आणि सोसायटी या तिन्हींचे चेअरमन एकच, विठ्ठलराव. गायीच्या कुठल्या बाजूला बसून धार काढतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण जनावरांवर भाषण असं करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी स्वतः रवंथ केलाय.

घरात कारभार थोरल्या दिराचा, आसारामचा. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पेरणी नाही, राखण नाही, मेंढरं नाहीत, म्हणून आप्पा दिवसभर मारुतीपुढच्या पारावर बसत आणि हेच काम मोठ्या निष्ठेनं करत. सारजाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून आप्पांशी एक शब्द थेट बोललेली नव्हती. थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. बोलायचं ते सासूला उद्देशून, आणि सासू नसेल तर जे समोर दिसेल त्याला उद्देशून. गाय दावणीला होती तेव्हा सोपं होतं. सारजाबाई म्हणायची, "चंद्रे, भाकऱ्या झाल्यात गं. ज्याला जेवायचं त्यानं यावं." आप्पा बाहेरून म्हणायचे, "चंद्रे, आलोच म्हणावं." चंद्री छावणीत गेल्यापासून घरातलं निम्मं बोलणंच बंद पडलं होतं.

एके दिवशी आप्पा पारावरून तरातरा घरी आले. त्यांची म्हातारी आई, कडूबाई, उंबऱ्यात बसून मिसरी लावत होती.

"आये, ध्यान दिऊन ऐक. आज समद्या पारासमोर हिचा पदर पार मानंवर. इठ्ठलराव मला म्हणले, आसाराम, तुमच्या घरात बायका आता बोडक्यानं सायकली हाणायल्या का?"

"मग तू काय म्हणलास?"

"काय म्हणणार? चहा पाजला त्यास्नी. पण सांगून ठेवतो, पुन्यांदा पदर पडला का सायकल बंद. सायकल बंद म्हंजी दूध बंद. आन् दूधच न्हाई तर गाय कशाला ठिवायची? बाजार दाखवू तिला."

चुलीपुढं बसलेल्या सारजाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर जरा जोरात पडली. बाजार दाखवणं म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. दुष्काळात गाय विकत घेणारा माणूस दूध प्यायला घेत नाही. ती तव्याकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, पदर काय म्या पाडते का? हँडल पाडतंय. मनगटाला मुंग्या येत्यात त्या निराळ्याच. हात असे बधिर व्हत्यात का चंद्रीच्या सडाला लावले तर तिला कळतंय, ही आपली बाई न्हाई. लाथ हाणती. गोठ्यात त्या जुन्या सायकलचं हँडल हाय न्हवं, म्हशीच्या शिंगावानी मागं वळलेलं? त्ये हिला लावलं तर माणूस ताठ बसतंय. पदर जागचा हलायचा न्हाई."

"आये, तिला सांग. दादांच्या सायकलला हात लावायचा न्हाई. निशाणी हाय ती."

दादा म्हणजे आप्पांचे वारलेले वडील. त्यांची काळी सायकल गोठ्याच्या आढ्याला दोरीनं टांगलेली होती. टायर उंदरांनी नेले होते, सीटमध्ये चिमण्यांनी संसार केला होता, आणि दांडीवर रात्री कोंबड्या बसत. त्यांचीही निशाणी तिच्यावर थरानं साचलेली होती.

कडूबाई मिसरी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी दूध घालून सारजाबाई सायकल घेऊन पाटोद्याला गेली. फाट्यावर लिंबाखाली गहिनीनाथ मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पाण्याचं घमेलं, एक पंप आणि लिंबाची सावली.

"मावशी, ह्ये पोरीसोरीचं हँडल हाय," तो म्हणाला. "वाकून पळवायचं असतंय."

"मला काय शर्यत खेळायची का? मला धार काढायची हाय."

"मग दुसरं बसवा."

"दुसरं हाय. पण त्याच्यावर कोंबड्या बसत्यात." तिनं घरातलं भांडण थोडक्यात सांगितलं. गहिनीनाथ हसला आणि पाना घेऊन उठला. हँडलखालचा बोल्ट सैल करून त्यानं दांडा बोटभर वर ओढला.

"बघा बसून."

सारजाबाई बसली. "अजून थोडं."

त्यानं अजून ओढला. "ही खूण दिसायली का दांड्यावर? हिच्या वर न्यायचं नसतंय."

"अजून थोडं."

ज्या मुलखात बोअरवाल्याला 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणत म्हणत लोक पार पाताळापर्यंत गेले, तिथं मिस्त्रीला दांडा अजून थोडा ओढायला सांगणारी बाई काही वेगळी नव्हती. गहिनीनाथनं ओढला, बोल्ट आवळला आणि वर बजावलं, "खड्ड्यात नगा घालू मावशी."

"आपल्याकडं खड्डा कंचा आन् रस्ता कंचा, ते तरी सांग आधी," असं म्हणून ती निघाली.

काही दिवस बरे गेले. पाठ जरा सरळ झाली, पदर कपाळापर्यंतच यायला लागला. ती वाऱ्यासारखी टेकाड उतरायची तेव्हा तिला वाटे, हे असंच चालायला काय हरकत आहे? हँडल थोडं हलत असे. पण त्या घरात कुठली गोष्ट हलत नव्हती?

मग तो दिवस आला. टेम्पोचा हॉर्न वाजत होता आणि सारजाबाई अजून वेशीत होती. पाराच्या अलीकडं नळयोजनेसाठी खणलेला चर होता. विठ्ठलरावांनी नारळ फोडून त्याचं उद्घाटन केलं होतं, आणि त्यात नारळाचं पडलं तेवढंच पाणी आजवर आलं होतं. रोज सारजाबाई चराच्या आधी उतरायची. पारावर थोरली माणसं बसलेली, त्यांच्यासमोरून बाईनं सायकलवर बसून जायचं नाही. त्या वाटेनं चपला हातात घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या अजून गावात होत्या. पण त्या दिवशी हॉर्नच्या घाईत उतरायला क्षणभर उशीर झाला. पुढचं चाक चरात गेलं आणि हँडल, ब्रेकच्या वायरी आणि लटकता कॅन यांच्यासकट, वर आलं. चिखलातून मुळा उपटावा तसं.

सायकल एकीकडं, सारजाबाई एकीकडं. कॅन गडगडत पारापाशी गेला, झाकण उडालं आणि पांढरी धार धुळीतून वाहायला लागली. पदर डोक्यावर नव्हता, खांद्यावर नव्हता, कुठंतरी मागं बाभळीच्या काट्याला लागून राहिला होता. पारावरची सगळी माणसं ताडकन उठून उभी राहिली. आणि उभीच राहिली. आप्पांनी तेवढ्यात मारुतीकडं तोंड फिरवलं आणि देवालाच सांगितल्यासारखं ओरडले, "पदर घे म्हणावं तिला! पदर!"

"आप्पा, आधी कॅन उभा करा!" सारजाबाई मातीत बसल्या जागेवरून गरजली. हातात हँडल होतंच, ते तिनं कॅनाकडं रोखलं. "पदर कुठं पळून चाललाय का?"

एवढ्या वर्षांत ती त्यांच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. ते हुकमासारखं होतं, आणि हुकूम ऐकायची सवय नसलेल्या माणसाला तो मोडायचा कसा हेही पटकन सुचत नाही. आप्पांनी पारावरून खाली उडी टाकली आणि कॅन उभा केला. शेजारचा बंकट, सत्तरीकडं झुकलेला, धोतर सावरत दुधावर जमलेल्या कुत्र्यांवर धावला. कुणी झाकण शोधलं, कुणी टेम्पोपुढं जाऊन उभं राहिलं. निम्मं दूध वाचलं आणि टेम्पोत चढलं. मग सारजाबाईनं काट्यातला पदर सोडवला, झटकला आणि डोक्यावर घेतला.

"आसाराम," बंकट धापा टाकत म्हणाला, "तुझ्या भावजयीचा आवाज लई खणखणीत हाय की बे. आज कळलं."

आप्पा धूळ झटकत निघाले. घरी आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. सारजाबाई खरचटलेल्या कोपराला हळद लावत आत बसली होती. रीत पुन्हा आपल्या जागी येऊन बसली होती.

"आये," आप्पा म्हणाले, "येत्या बाजारी गाय जाईल. म्हाळूला निरोप धाडतो."

आत हळदीची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

कडूबाईनं बोट पदराला पुसलं. "कावून?"

"कावून म्हंजी? पदर पडला. वर माझ्यावर वरडली. चारचौघांत!"

"तू हँडल दिलं असतंस तर पडला असता का?"

"आये, त्ये दादांचं हाय. निशाणी—"

"कुणाची निशाणी?" म्हातारीचा आवाज चढला. "तुझ्या दादांची? आरं, तुझा बाप मांडवात रुसून बसलता त्या सायकलसाठी. सायकल आल्याबिगर अक्षता पडू दिईना. माझ्या बापानं कणगीतला समदा जोंधळा इकला, मग ती आली. वरीसभर माझी भावंडं कोंड्याच्या भाकरी खात व्हती. आन् वरातीत तुझा बाप तिच्यावरून पडला. नवरदेव, मुंडावळ्यासकट, उकिरड्यात. मी कुणाला सांगितलं का कवा?"

आप्पांनी इकडं तिकडं बघितलं. बरं झालं, बंकट तिथं नव्हता.

"निशाणी म्हनं! माझ्या बापाचा जोंधळा हाय त्यो. हँडल माझं, सायकल माझी, आन् वरच्या कोंबड्याबी माझ्याच हायत. काढ त्ये हँडल."

"पर आये, लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी माझ्याकडं धाड. त्या लग्नातलं कोण उरलंय? एकटा बंकट. त्यो तवा नागडा फिरत व्हता गावातून. त्यो काय सांगणार मला?"

आप्पा उठले. शिडी लावली, कोंबड्या हुसकावल्या. दोरी सोडून सायकल खाली घेतली. बोल्ट गंजून दांड्याशी एकजीव झाला होता. त्यावर रॉकेल ओतलं, दगडानं ठोकलं, आईवरचा राग बोल्टवर काढला. राग कामी आला. हँडल निघालं. ते घेऊन सारजाबाई पाटोद्याला जायला निघाली तर आप्पांनी आईकडं बघून सांगितलं, "ती नको. बाईमाणूस हँडल घेऊन फिरायला लागलं तर लोक हसत्याल. म्या जातो." म्हणून पटका बांधलेले आप्पा खांद्यावर हँडल टाकून आणि सायकल हातानं ढकलत पाटोद्याला गेले, आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी थांबून काहीतरी वेगवेगळं कारण सांगितलं.

गहिनीनाथनं जुने सळईचे ब्रेक काढून टाकले, नव्या सायकलचे वायरचे ब्रेक त्यावर चढवले आणि दांडा खोल आत घालून बोल्ट आवळला. या वेळी 'अजून थोडं' म्हणायला कुणी नव्हतं.

सारजाबाई त्या सायकलवर बसली ती फौजदारासारखी. पाठ ताठ, कोपरं अंगाजवळ, हात मांडीवर ठेवल्यासारखे सैल. पदर डोक्यावर जिथं ठेवला तिथंच. दात पहिल्यांदाच मोकळे झाले, तर वाटेत भेटलेल्या बाईला तिनं आपणहून विचारलं, "कुठं चालली गं?" छावणीत हाताला मुंग्या नव्हत्या. चंद्रीनं एकदा मागं वळून हुंगलं आणि लाथ न झाडता पान्हा सोडला. म्हाळू पत्त्याचा डाव टाकून बघायला आला. "आरं, ह्ये दादांचं न्हवं?" म्हणाला. "तुमच्या आईचं," सारजाबाई म्हणाली. त्याला काही कळलं नाही, आणि डाव थांबला होता म्हणून तो परत गेला.

आता कॅन मात्र हँडलला अडकवता येईना, गुडघ्यावर आपटे. तो मागं कॅरिअरला ट्यूबनं बांधला. त्यातून नवंच लचांड निघालं. पारापाशी ती रीतीप्रमाणं उतरली, तशी मागचं ओझं खाली बसलं आणि सायकल पुढचं चाक वर करून घोड्यासारखी उभी राहिली. बंकटनं धावत येऊन हँडल दाबून धरलं. पुन्हा चढायला कुणीतरी सायकल धरायला हवी, म्हणून त्यानंच धरली. थोरल्या माणसानं गावच्या सुनेला सायकलवर चढवून द्यायचं! पारावरच्या लोकांना हे पदर पडण्याहून जड गेलं.

घरी आप्पा आईला म्हणाले, "पदर पडला न्हाई, ह्ये खरं. पर ही उतरती कशाला? बंकट्या आता समद्या गावाला सांगत फिरायलाय."

"न उतरता कशी जाऊ, आत्याबाई?" आतून आवाज आला. "पारासमोरून बसून?"

"बसून बी जायचं न्हाई!"

"मग चालत जाते. दूध फाटंल. मग बाजार."

गाय आता विकली तर आईनं वरातीतला उकिरडा गावभर सांगितला असता, याची आप्पांना खात्री होती. त्यांनी पटका काढला, डोकं खाजवलं, पुन्हा बांधला.

"आये, तिला सांग," शेवटी ते म्हणाले, "उतरू नको. बसून जा. पर चराच्या अलीकडं बेल वाजवावी. बेल ऐकली का आमी मारुतीकडं तोंड करू. आमी बघितलंच न्हाई, तर कसला आला अपमान?"

"बंकट ऐकंल का?" कडूबाईनं विचारलं.

"ऐकल्याबिगर ऱ्हातोय? त्याच्या सुनंनं बी काल सायकल मागितली म्हनं."

तेव्हापासून त्या गावात सकाळी बेल वाजली की सगळा पार एकदम मारुतीकडं तोंड करून बसे. देवाच्या दर्शनाला एवढी गर्दी हनुमान जयंतीलाही होत नसेल. पाठीमागून चाकांचा आवाज जायचा, कॅनाचं झाकण खडखडायचं, आणि मग माणसं वळून, तुटलेलं बोलणं जिथल्या तिथं पुन्हा सुरू करायची.

एक दिवस विठ्ठलराव दूध संस्थेच्या निवडणुकीसाठी पारावर येऊन बसले. सहकारानं खेड्याचा कायापालट कसा होतो ते सांगायला त्यांनी हात वर केला आणि तेवढ्यात बेल वाजली. सगळ्या सभेनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. विठ्ठलरावांचा हात वरच राहिला. मतदार असे पाठ फिरवतात हे त्यांनी निकालाच्या दिवशी बघितलं होतं, पण सभेतच?

"आसाराम, काय झालं रे? माझं काय चुकलं?"

"तोंड फिरवा, सायेब," आप्पा मारुतीकडं बघत, दात आवळून म्हणाले. "आमच्या घरातली बाई चाललीय."

आणि तीन संस्थांचे चेअरमन विठ्ठलराव मुकाट्यानं उठले आणि मारुतीकडं तोंड करून उभे राहिले. ते वळेपर्यंत सारजाबाईनं डेअरीपुढं सायकल लावून कॅन टेम्पोत चढवलाही होता. त्या आठवड्याचाही बाजार भरला आणि उठला. चंद्री छावणीतच होती.